कुमरेमामांचं झाकलेलं ताट

फोन लावला की "हॅलो" म्हणायच्या जागी "पोचल्या का?" असं विचारणारा एकच माणूस मला आयुष्यात भेटला. सोमाजी कुमरे त्यांचं नाव, हुद्दा वनपाल. गोंदियाच्या आमच्या वन कार्यालयात मोठ्या साहेबांपासून फाटकावरच्या चौकीदारापर्यंत सगळे त्यांना कुमरेमामा म्हणत. मी त्याच कार्यालयात लिपिक आहे.

आधीच सांगून टाकते, म्हणजे कोणाची निराशा नको. जंगल खात्यात इतकी वर्षं नोकरी केली, पण जंगल मला फाइलीतच बरं वाटतं. घरात पाल निघाली तरी मी पलंगावर चढते. त्यामुळे मामांच्या जंगलातल्या शौर्याच्या गोष्टी माझ्याकडे नाहीत. मला ते दिसले ते माझ्या टेबलासमोर, गोंदियाच्या बाजारात, आणि दरवर्षी हिवाळ्यात होणाऱ्या आमच्या मेळाव्यात. धान घरात आलं की वनरक्षकांचा आणि वनपालांचा हा मेळावा भरतो. नागझिऱ्याच्या जंगलात आतल्या कुट्यांवर, म्हणजे पहाऱ्याच्या झोपड्यांवर, राहणारी माणसं वर्षातून एकदा इस्त्रीचे कपडे घालून एका हॉलमध्ये बसतात, भाषणं ऐकतात, जेवतात आणि परत जातात. मांडव, माईक, हारतुरे आणि जेवण ही सगळी व्यवस्था माझ्या गळ्यात असते. पाहुण्यांना शाल कोणत्या रंगाची आणायची यावर आमच्याकडे जितका खल होतो तितका वणव्यावरही होत नसेल.

या मेळाव्याला लागूनच मामांचं एक दुखणं होतं. ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी त्याबद्दल बोलत नसे. मेळाव्याचा स्वयंपाक करणाऱ्या फुलवंताबाई मामांशी बोलत नव्हत्या. एक अक्षर नाही. आणि नोकरी संपायच्या आधी त्यांच्या तोंडून एक तरी शब्द ऐकायचा, एवढीच मामांची इच्छा उरली होती.

"चांगलाच बोलाव असं नाई म्हणत मी, मॅडम," ते मला एकदा म्हणाले होते. "शिवी देल्ली तरी चालते."

मामा दिसायला बुटके आणि रुंद. डोक्यावर केस कमी, कानांवर जास्त. खाकी शर्टाला अशी कडक इस्त्री की बाह्या अंगाला लागत नसत. हातात बांबूची काठी. कार्यालयात येताना चपला काढाव्यात तशी ती काठी ते दाराबाहेर भिंतीला टेकवून ठेवत. आत आले की दाराकडे पाठ करून कधी बसत नसत. माझ्या टेबलासमोरची खुर्ची नेमकी दाराकडे पाठ करून होती. ते ती उचलून बाजूला लावत, काम झालं की पुन्हा होती तिथं ठेवत. दर वेळी खुर्चीची ही सरकासरकी बघून मला इतका वैताग आला की शेवटी मीच शिपायाला बोलावून टेबल फिरवून घेतलं.

"आता कसं," मामा समाधानानं बसत म्हणाले. "दोघाइलेबी दार दिसते."

तेव्हापासून दुपारचं ऊन माझ्या पाठीवर येतं. उन्हाळ्यात मी मामांच्या नावानं बोटं मोडते, पण टेबल काही परत फिरवलेलं नाही.

चालताना ते नेहमी सगळ्यांच्या मागे चालत. जंगलात दोघं निघाले की जाणता माणूस मागे राहतो, कारण पुढच्याचे डोळे पुढेच असतात. हे जंगलात ठीक आहे. पण मेळाव्याचे हार आणायला मी मामांना घेऊन बाजारात गेले, तेव्हा तिथंही ते चार पावलं मागूनच. मी थांबले की ते थांबत, मी वळले की ते वळत. फुलवाल्यानं हार बांधता बांधता मान पुढे करून हळूच विचारलं, "मॅडम, ये काठीवाला कबसे आपके पीछे-पीछे काहे घूम रहा?" मी म्हटलं, हमारे ही है. मामांनी ते ऐकलं. त्या माणसाचा त्यांना इतका अभिमान वाटला की दरवर्षी हार त्याच्याकडूनच घ्यायचे असं त्यांनी जाहीर केलं. "नजर हाये त्याले," म्हणाले. "आपल्या खात्यात पायजे होता."

वायरलेसवर जन्म गेल्यामुळे फोनवर बोलतानाही ते वाक्य संपलं की थांबत. "ओव्हर" म्हणायचं त्यांनी सोडलं होतं, पण समोरच्याला बोलायला जागा द्यायची ती सवय काही सुटली नव्हती. मी एकीकडे हॅलो हॅलो करत राहायची, आणि माझं हॅलो संपायची वाट बघत ते पलीकडे शांत उभे.

आणि मग ते "पोचल्या का?"

कुठून कुठेही निघालेल्या माणसानं पोचल्यावर कळवायचं, हा मामांचा नियम होता. त्यांच्या हाताखालच्या गार्डांनी कुटीवर पोचलो की वायरलेसवर सांगायचं, हे समजण्यासारखं आहे. पण त्यांच्या लेखी जंगल आणि फुलचूरचा डांबरी रस्ता यांत काही फरक नव्हता. मी फुलचूरला राहते. कार्यालयातून स्कूटीवर निघाले की दोन गाण्यांत घर येतं. एकदा मेळाव्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही काम आटोपून निघालो. मामा म्हणाले, "पोचल्यावर फोन करजा, मॅडम."

मी म्हटलं, "निघाले असं आत्ताच सांगते, म्हणजे झालं."

"निघाली सांगू नका. निघते तं सारेच. पोचली सांगा."

मी हो म्हटलं आणि घरी गेले, कुकर लावला, विसरले. फोन पर्समध्ये मुका पडलेला. भात उतरवत होते तर दार वाजलं. सासूबाईंनी उघडलं. बाहेर आमच्या कार्यालयाचा चौकीदार सायकल धरून उभा, धापा टाकतोय. "मॅडम पोचल्या का? मामा विचारून रायले." सासूबाईंनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं, जणू मी घर सोडून कुठे पळून गेले होते. त्या दिवशी मी मामांवर इतकी चिडले की फोन करून खूप बोलले. मी काय लहान मुलगी आहे का, शेजारीपाजारी काय म्हणतील, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं. मी थांबल्यावर नेहमीसारखे क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, "बरं झालं पोचल्या." मग फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवसापासून मी न चुकता कळवायला लागले. आणि खरं सांगायचं तर मला त्याची सवय लागली. आपण घरी पोचलो की नाही याची कोणीतरी तिकडे काठी हातात धरून वाट बघतंय, याचं बरं वाटायचं. माझे यजमान चांगले आहेत, पण मी उशिरा आले तर त्यांच्या तोंडून पहिला प्रश्न निघतो तो भाजी आणली का.

मेळाव्यात मामांना बघायला मजा येई. हॉलमध्ये पुढच्या रांगा रिकाम्या आणि मागे दाराजवळ गर्दी, कारण आमच्या लोकांना भिंतींच्या आत गुदमरल्यासारखं होतं. गालिचा दिसला की अर्धे जण बूट काढायला वाकत. मामा शेवटच्या रांगेत टोकाला बसत आणि भाषण चालू असताना सारखी मान फिरवून डोकी मोजत.

एका वर्षी साहेबांनी ताणतणावावर बोलायला बाहेरून एक बाई बोलावल्या होत्या. गोड बोलत होत्या. शेवटी त्या म्हणाल्या, आता आपण सगळे डोळे मिटून शांत बसू या. मी मिटले. थोड्या वेळानं किलकिले करून बघते तर सगळ्या हॉलमध्ये डोळे मिटलेले फक्त मी, साहेब आणि त्या बाई. बाकीचे सगळे खाकी कपड्यांतले पुरुष आणि बाया टक्क उघड्या डोळ्यांनी, हात मांडीवर ठेवून, मोठ्या आज्ञाधारकपणे बसलेले. बाईंनी डोळे उघडले आणि बुचकळ्यात पडल्या.

मामा उठून उभे राहिले. "राग मानू नका, बाई. अनोळखी जागी डोळे मिटाची आमाले सवय नाई. तुमी मिटा. आमी हाओत ना."

त्या बाई हसल्या आणि खरंच त्यांनी पुन्हा डोळे मिटले. हॉलभर जागती माणसं आणि मधे त्या एकट्या शांत बसलेल्या. जाताना मला म्हणाल्या, किती वर्षांनी असं निवांत बसायला मिळालं मला.

जेवणाची वेळ झाली की मात्र मामा दिसेनासे होत. पंगती बसत, भात, वरण, बेसनाच्या पाटोड्यांचा रस्सा, वांग्याची भाजी, सगळा हॉल भुरके मारत असे, आणि मामा बाहेर गाड्यांपाशी उभे. ते मेळाव्यात जेवत नसत. जेवणं उरकून लोक बसनं, गाड्यांनी आपापल्या दिशेला निघत. जंगलाच्या आत फोनला रेंज नाही, म्हणून मामा कार्यालयातल्या कंट्रोल रूममध्ये वायरलेससमोर येऊन बसत. एकेका कुटीचं नाव घेत. चिंचझरी. मोहपानी. पिपरटोला. तिकडून "पोचलो, मामा" असं खरखरत येई. सगळ्यात आतली कुटी बोलली की ते सेट खाली ठेवत आणि मग जेवत.

ते जेवण असं. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात फुलवंताबाई दरवर्षी एक ताट वाढून त्यावर पळसाची पत्रावळ पालथी घालून ठेवत. कोणासाठी ते सांगत नसत. फक्त मी तिकडून गेले की हनुवटीनं त्या कोपऱ्याकडे दाखवत. ते ताट उचलून मामांपर्यंत न्यायचं काम माझं. संध्याकाळपर्यंत भात गार होऊन त्याचे गोळे झालेले असत, रश्श्यावर तेलाची साय धरलेली. मामा ते शेवटच्या शितापर्यंत खात, ताट स्वतः घासत आणि पालथं करून माझ्या हातात देत. ताटात पाटोड्या मात्र नेहमी इतरांपेक्षा दोन जास्त असत. एका हातानं अबोला आणि दुसऱ्या हातानं पाटोड्या, हा प्रकार मला कळत नव्हता. शेवटी एका मेळाव्याच्या संध्याकाळी कंट्रोल रूममध्ये मी मामांना सरळ विचारलं. त्यांनी लपवलं नाही.

ही माझ्या नोकरीच्या आधीची गोष्ट. तेव्हा मेळावा गोंदियात होत नसे. जंगलाच्या काठावरच्या एका गावात, शाळेच्या पटांगणात मांडव घालून होई. फुलवंताबाईंचे यजमान बिरजू वनमजूर होते, रोजंदारीवर. मामांबरोबर ते बोदलझिऱ्याच्या कुटीवर राहत. दोघांची जोडी होती.

"मोठे साहेब येनार होते," मामा सांगत होते. डोळे सेटच्या लाल दिव्यावर. "आमी टेबलावर सामान मांडलं होतं त्याइले दाखवाले. दुर्बीन, शिकाऱ्याइचे पकडलेले फासे, असं. कोनीतरी म्हणलं वायरलेसबी ठेवा, शोभा येते. मी बोदलझिऱ्याचा सेट आनून ठेवला."

"मग कुटीवर काय राहिलं?"

"कायबी नाई. मानूसबी नाई अन् सेटबी नाई. सारे मेळाव्यात. भाषन लांबलं. ऊन उतरलं. मले कुटीची काळजी लागली. बिरजू वाढपात होता. मी म्हणलं, बिरजू, तू हो पुढं. तो म्हणे, मामा, जेवून जातो ना. मी म्हणलं, जा रे, तुहा डबा मी मांगून पाठवतो."

मामांनी सेटचं बटण उगाच फिरवून बघितलं.

"जंगलात दोघानं जा, असं साऱ्या पोराइले मीच सांगतो, मॅडम. अन् त्याले एकट्याले मीच धाडलं. उपाशी."

डबा त्यांनी भरला होता. पण न्यायला माणूस मिळेना. शाली-नारळ चालू झाले, साहेबांनी मामांनाच पुढे बोलावलं, मग अंधार पडला. बिरजू पोचला असेल असं सगळ्यांनी धरलं. सेट तर टेबलावर होता, त्यामुळे विचारणार कोण आणि सांगणार कोण. सकाळी मामा तोच डबा घेऊन निघाले. वाटेतच बिरजू सापडले. अस्वलानं गाठलं होतं.

फुलवंताबाई तेव्हा मामांना एकच वाक्य बोलल्या. "त्याले जेवू तरी द्याचं होतं, भाऊजी." त्यानंतर काहीच नाही.

बोदलझिऱ्याची कुटी पुढे बंद झाली. मेळावा गोंदियात आला. मेळाव्यात दरवर्षी कर्तव्यावर असताना जीव गेलेल्यांची नावं घेऊन सगळे उभे राहतात, त्यात बिरजूंचं नाव नसतं. रोजंदारीचा माणूस त्या संध्याकाळी कामावर होता की जेवायला आला होता, हे खात्याला ठरवता आलं नाही. ती नावं घेतली जात असताना मामा उभे राहायचे ते सगळ्यांच्या नंतर खाली बसायचे. एवढंच.

फुलवंताबाई मेळाव्याच्या स्वयंपाकाला आल्या त्या मामांच्या शब्दानं आल्या, असं कोणाला वाटेल, पण तसं नाही. त्यांच्या गावच्या बचत गटाच्या हातची पाटोडी मी एका लग्नात खाल्ली होती आणि मीच त्यांना बोलावलं. मला मागचं काही ठाऊक नव्हतं. पहिल्याच वर्षी मामांना बघून त्या पाठमोऱ्या झाल्या, पण कामाला मात्र पुढच्या वर्षीही आल्या. उंच, काटक बाई. बोलणं तुटक. मामांकडून सगळं कळल्यावर मी त्यांना गाठलं. त्या परातीत बेसन मळत होत्या.

मी विचारलं, "बाई, इतकी वर्षं झाली. अजून राग आहे का?"

"राग कायचा," त्या मान वर न करता म्हणाल्या. "राग होता तवा होता. आता नाई."

"मग बोलत का नाही?"

त्यांनी हात थांबवला. "पहिला शब्द कोनता काढू, तुमीच सांगा ना. कसे हा, असं विचारू? का पाऊस-पान्याचं बोलू? इतक्या वर्साचं तोंड बंद हाये माहं. उघडाचं तं काय बोलून उघडाचं?"

मी एरवी कोणालाही सल्ला देते, न विचारता देते, पण त्या दिवशी गप्प बसले. हे मी मामांनाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते धावत जाऊन काहीतरी बोलले असते, आणि ते बोलणं फुलवंताबाईंच्या अंगावर पडलं असतं. दोन भल्या माणसांच्या मधे पडून मी आधीच ताट वाहत होते, तेवढं पुरे होतं.

मामांचा शेवटचा मेळावा फुलचूरच्या एका मंगल कार्यालयात झाला. माझ्या घराजवळ, त्यामुळे सासूबाईसुद्धा येऊन बसल्या. मामांचा सत्कार होता. शाल माझ्या आवडीची, मोरपंखी. मामांना त्या दिवशी पहिल्यांदा पुढच्या रांगेत बसावं लागलं आणि ते दर मिनिटाला मागे वळून बघत होते. दार त्यांच्या पाठीशी होतं.

सकाळी ते माझ्यापाशी आले होते. "मॅडम, आज झालं का संपलं. पुढच्या साली मी नसन. ताट ठेवाचं सांगजा त्याइले बंद कराले. उगाच वाया जाईन."

"तुम्हीच सांगा की," मी म्हटलं.

ते काठीकडे बघत राहिले. "ऐकतीन, पन बोलतीन नाई. मंग सांगून काय फायदा."

भाषणं झाली. साहेबांनी मनापासून चांगलं सांगितलं. शाल, नारळ, फोटो. मग साहेबांनी माईक मामांच्या हातात दिला आणि म्हणाले, "मामा, दोन शब्द."

मामांनी माईक दोन्ही हातांनी धरला आणि तोंडाच्या फार जवळ नेला. सगळा हॉल बघत होता. त्यांनी घसा खाकरला. पुन्हा खाकरला. शब्द काही निघेना. मला इतकं कसंनुसं झालं की मी हारांची रिकामी पिशवी उगाच घडी करायला लागले. मागे कोणीतरी म्हणालं, "बोला ना बाप्पा." आणि मग मामांच्या तोंडून जे निघालं ते त्यांच्या रोजच्या सवयीचं होतं.

"चिंचझरी," ते म्हणाले.

मग मागच्या रांगेतून एक वनरक्षक हसत उभा राहिला. "पोचलो, मामा."

"मोहपानी."

"पोचलो."

हसू फुटलं, टाळ्या पडल्या. पिपरटोला म्हटल्यावर दोन मुली एकदम उभ्या राहिल्या. एकेक कुटी उठत होती आणि बसत होती. साहेबसुद्धा हसत होते. मामांचा आवाज आता सुटला होता, मान ताठ झाली होती. शेवटची कुटी बोलून खाली बसली. मामांनी माईक खाली घ्यायला हवा होता. त्यांनी घेतला नाही.

"बोदलझिरा," ते म्हणाले.

नव्या पोरांना हे नाव माहीतच नव्हतं. ती एकमेकांकडे बघायला लागली. जुन्यांचं हसणं मात्र जागच्या जागी थांबलं. साहेब माझ्याकडे झुकून विचारू लागले, ही कुटी कोणती. मी त्यांना हातानंच थांबायला सांगितलं.

वायरलेसवर उत्तर नाही आलं की थांबून पुन्हा हाक देतात. मामा थांबले. "बोदलझिरा," पुन्हा म्हणाले. आणि थांबले. समोरच्याला बोलायला जागा द्यायची ती त्यांची सवय. त्या जागेत स्वयंपाकघरातल्या भांड्यांचा आवाज ऐकू येत होता, मग तोही बंद झाला.

तिसऱ्यांदा त्यांनी नाव घेतलं ते जेमतेम ऐकू आलं.

"पोचला."

सगळ्यांनी वळून बघितलं. फुलवंताबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. एका हातात भाताचा झारा, दुसऱ्या हातानं पदर खोचत. त्या मामांकडेच बघत होत्या, आणि मोठ्यानं, आपल्या रोजच्या तुटक आवाजात बोलत होत्या.

"पोचला तो, भाऊजी. कधीचाच पोचला. तुमीच वाटेत रायले." मग झाऱ्यानं आतल्या पंगतीकडे दाखवून म्हणाल्या, "या आता जेवाले. भात थंडा होऊन रायला."

टाळ्या वाजल्या नाहीत. माझ्या सासूबाई डोळ्यांना पदर लावून बसल्या होत्या, त्यांना यातलं काहीही ठाऊक नसताना. साहेब शहाणे, आभार प्रदर्शन त्यांनी गुंडाळलं आणि म्हणाले, "चला, जेवून घेऊ." मामा माईक हातात घेऊन तसेच उभे होते. बिसेन नावाचा त्यांचा जुना गार्ड पुढे गेला, माईक त्यांच्या हातून सोडवला आणि कमरेला लावलेला सेटही काढून घेतला. "मामा, आज सेटवर मी बसतो. तुमी जा."

मामांना मी शेवटचं बघितलं ते त्या पंगतीत. त्यानंतर ते गावी गेले आणि मेळाव्याला काही आले नाहीत. "तठी माहं काम झालं, मॅडम," म्हणतात. फोन मात्र येतो, आणि पहिला प्रश्न अजूनही तोच असतो. फुलवंताबाई दोन वर्षांपासून सणावाराला त्यांच्याकडे पाटोड्या पाठवतात, हे मला मामांकडूनच कळलं.

पण डोळ्यांसमोर राहिलं आहे ते त्या दिवशीचं. पंगतीच्या मधोमध, दाराकडे पाठ करून मामा बसले होते. मोरपंखी शाल तशीच खांद्यावर. समोर ताट, ताटावर काही झाकलेलं नाही. फुलवंताबाईंनी भात वाढला. वाफ निघत होती. मामांनी मघाच्या थंड्या भाताचं ऐकलं होतं, म्हणून की काय, त्यांनी सरळ बोटं घातली आणि चटकन मागे घेतली.

"गरम हाये," ते बोटांवर फुंकर घालत म्हणाले.

"हो," फुलवंताबाई त्यांच्या ताटात पाटोडी ठेवत म्हणाल्या. "दुसरा टाकला. आत्ताच उतरवला."